जोडी बदलून द्या

फोन वाजला तेव्हा तिच्या दोन्ही हातांत ओली पाटी होती.

ओली पाटी म्हणजे ताटाएवढा पत्र्याचा तुकडा आणि त्यावर नुकताच ओढलेला रंगाचा थर. तो सुकेपर्यंत पाटी सपाट ठेवायची, नाहीतर रंग एका बाजूला उतरतो आणि सकाळपासूनची मेहनत पाण्यात जाते. ठेवायची मांडणी त्या दिवशी नेमकी भरलेली होती. ती ज्या खोलीत काम करायची तिथे रंगांच्या छटा जुळवल्या जात. कारखान्यात तिला सगळे ‘अर्धा थेंब’ म्हणत, कारण कुठलाही रंग समोर आला की ती मान वाकडी करून म्हणायची, “अजून अर्धा थेंब.” थेंब अर्धा कसा पाडतात हे तिला कोणी विचारलं नव्हतं. पडायचा, एवढं सगळ्यांनी पाहिलं होतं.

खोलीत थिनरची, चटकन पेट घेणारी वाफ असायची म्हणून मोबाईल दारावरच जमा करावे लागत. भिंतीवर तारेचा एक लाल फोन होता. तो फक्त घरच्यांसाठी, आणि वाजला की कोणाच्या तरी घरी काहीतरी सांडलेलं असायचं.

तिने पाटी एका हातावर तोलली आणि फोन उचलला.

“आई? … कडी? कुठल्या दाराची? … हात थांबलाय म्हणजे हलतच नाहीये? … बस खाली. उभी राहू नकोस. आले.”

तिच्या आईला कंपवात होता. हात थरथरायचा तेव्हा आई त्याला ओरडायची; पण कधी कधी तो थरथरायचाही थांबायचा, वाटेतच, दगडासारखा. तेव्हा मात्र ती लेकीला फोन करायची.

ती वळली तर दारात एक माणूस उभा. शेजारच्या, लाकडाच्या पॉलिशच्या खोलीतला. त्याला रंग ढवळायची काचेची एक कांडी उसनी हवी होती.

“हे धरा,” ती म्हणाली.

“मी फक्त कांडी—”

“सुकेपर्यंत. तिरकी करू नका.”

आणि गेली.

तो उभा राहिला. झोपलेलं बाळ कोणीतरी हातात देऊन जावं आणि आपल्याला श्वास घ्यायचीही चोरी व्हावी, तसा. थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. त्याने कोपराने रिसीव्हर उडवला, मान आणि खांद्याच्या मध्ये पकडला आणि पाटी सपाट ठेवली.

“नमस्कार. छटा विभाग?” पलीकडून आवाज आला, खणखणीत, शिकवून तयार केलेला. तिची आई टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाली होती, आणि निवृत्त झाल्याचं तिच्या आवाजाला कोणी कळवलं नव्हतं.

“हो… म्हणजे, हो.”

“निरोप घ्या. दार उघडलं. हाताला जरा विश्रांती दिली, उघडलं. तिला म्हणावं, येऊ नकोस.”

“त्या निघाल्या.”

“इतक्यात? पळत सुटली असणार. बरं. तुम्ही कोण?”

“मी… पाटी धरलेला माणूस.”



“नीट धरलीय ना?”

“सपाट आहे.”

“मग धरून ठेवा,” आई म्हणाली आणि फोन बंद झाला.

ती परत आली तेव्हा तो तिथेच होता.

“तुम्ही अजून उभे आहात?”

“सुकल्यावर काय करायचं ते सांगितलं नव्हतं.”

तिने पाटी घेतली, दिव्याखाली धरली, मान वाकडी केली. “उजवीकडे पुसट लाट आहे.”

“तिथे मला शिंक आली होती.”

ती हसली नाही. पण कांडी द्यायला जेवढा वेळ लागतो त्याहून थोडा जास्त लागला.

*

घरचं आजारी, म्हातारं किंवा अडलेलं माणूस सांभाळणाऱ्या कामगारांसाठी कारखान्यात एक वेगळी व्यवस्था होती. मालक दयाळू आहेत असं बाहेरची माणसं म्हणत. आतली माणसं हसत. छटा जुळवणारा डोळा तयार व्हायला वर्षं लागतात आणि तो डोळा एका दुपारी राजीनामा देऊन आईच्या उशाशी जाऊन बसतो, हे मालकांनी दोन-तीनदा सोसलं होतं. मग त्यांना दया स्वस्त वाटू लागली.

व्यवस्था एका बाईंच्या हातात होती. त्यांचं खरं पद लांबलचक होतं. सगळे त्यांना सोयबाई म्हणत, कारण कोणतीही अडचण ऐकल्यावर त्या आधी “होईल सोय” म्हणायच्या आणि मग सोय शोधायला लागायच्या. त्यांची पद्धत जोड्यांची. दोन माणसं, दोघांच्याही घरी कोणीतरी सांभाळायचं, आणि दोघांना एकमेकांचं काम येतं. एकाचा फोन वाजला की दुसऱ्याने त्याचं टेबल घ्यायचं. कारण विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत, रजा कापली जायची नाही.

तिची जुनी जोडीदारीण नुकतीच नोकरी सोडून गेली होती. त्याच्या घरी मोठा भाऊ होता, चाकाच्या खुर्चीत. आणि पॉलिशच्या खोलीत येण्याआधी त्याने दुसऱ्या एका कारखान्यात छटाच जुळवल्या होत्या. सोयबाईंनी दोघांना समोर बसवलं आणि पेन्सिल वर केली. पेन्सिल वर झाली की ते महत्त्वाचं.

“एकच अट. जमत नसेल तर ‘नाही’ म्हणायचं. मला सांगायचं, मी तिसरं माणूस बघते. पण मनात नाही आणि तोंडाने हो, असं करायचं नाही. तसल्या एका हो-ने माझी दोन माणसं एकदम जातात. कळलं?”

दोघांनी माना हलवल्या. ही अट सोयबाई प्रत्येक जोडीला सांगत, आणि प्रत्येक जोडीला ती सोपी वाटे. अनोळखी माणसाला नाही म्हणायला काय लागतं?

“तुम्हाला चालतील हे?” सोयबाईंनी तिला विचारलं.

“पाटी सपाट धरतात,” ती म्हणाली.

*

जोडीची गंमत अशी की जोडी एकत्र कधीच नसते. ती बाहेर गेली की तो आत, तो बाहेर गेला की ती आत. रविवारी सांभाळायला येणाऱ्या बायकांना सुट्टी, म्हणून दोघं आपापल्या घरी अडकलेले. बदलीच्या वेळी, टेबल हातातून हातात देताना, जी काही मिनिटं मिळत तेवढीच. एवढ्या कमी भांडवलावर फार काही उभं राहायला नको होतं. पण मधे तो लाल फोन होता.

ती बाहेर असली की तिच्या आईचा फोन तो घ्यायचा.

“पॉलिशवाले, ती निघाली का?”

“निघाल्या, काकू. पोचतीलच.”

“डबा खाल्ला?”

“अर्धा.”

“अर्धाच असणार. बरं, एक सांगून ठेवते. तिला खोकला आहे. विचाराल तर नाही म्हणेल.”

“मग विचारत नाही.”

“विचारा हो. नाही कसं म्हणते ते ऐका. त्यातच कळेल.”

आणि तो बाहेर असला की त्याच्या पॉलिशच्या छटा तिच्याच टेबलावर येत, आणि त्याच्या दादाचा फोन ती घ्यायची. दादा एकेकाळी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. शिडीवरून पडल्यावर पाय गेले. जिभेने पायांचीही कामं अंगावर घेतली.

“रंगवाल्या बाई, आज काय शिजतंय?”

“बाळाच्या खोलीचा पिवळा.”

“बाळाला काय कळतंय पिवळ्यातलं?”

“बाळाच्या आजीला कळतंय. दोनदा परत पाठवलाय.”

“मग त्यात थोडा वेळ घाला. आजीला रंग नको असतो, आपण परत पाठवलं हे समाधान हवं असतं.” मग जरा थांबून, “आमचा कसा वागतो तिथे?”

“बरे आहेत.”

“बरे? घरी तुमच्याबद्दल काही बोलत नाही तो. पूर्वी कारखान्यातल्या सगळ्यांबद्दल बोलायचा. अजूनही बोलतो. फक्त तुम्हाला वगळून.”

त्या दिवशी बाळाच्या पिवळ्यात तांबड्याचा एक थेंब जास्त पडला, आणि अख्खा नमुना पुन्हा करावा लागला.

तर अशी ही माणसं एकमेकांना पाठीमागून ओळखू लागली. तिला पेरूच्या बिया दातात अडकलेल्या सहन होत नाहीत, तो भांडण झालं की भांडी घासायला घेतो, ती झोपेत हिशेब करते, तो लहानपणी अंधाराला नाही तर उजेडाला घाबरायचा… समोरासमोर विचारायला ज्या गोष्टींना वर्ष लागलं असतं त्या दोघांना फुकटात मिळत होत्या. आणि बदलीच्या वेळी मात्र ती दोघं अगदी कामाचं बोलायची. निदान सुरुवात तरी कामाने व्हायची.

टेबलावर लाकडाची एक पेटी होती. त्यात तीन दिवे. एक दिवसासारखा पांढरा, एक घरातला पिवळा, एक दुकानातला निळसर. रंग तिन्ही दिव्यांत जुळला तरच खरा जुळला. एका दिव्यात हुबेहूब वाटणारे दोन रंग दुसऱ्या दिव्यात एकमेकांची ओळखही दाखवत नाहीत.

“हा कसा वाटतो?” तिने एकदा विचारलं. बाहेर पाऊस लागला होता, आणि त्याला खरं तर निघायचं होतं.

“करडा.”

“कुठला करडा?”

“पावसाळी.”

“पावसाळी म्हणजे? पावसाआधीचा का नंतरचा?”

“छत्री घरी विसरल्यावरचा.”

“विसरलात?”

“तसं नाही… दादा म्हणाला, नेऊ नकोस, त्या देतील.”

तिने छत्री दिली. देताना तिचा कोपर थिनरच्या बाटलीला लागला आणि ती घाईत म्हणाली, “सरक.” मग दोघंही गप्प झाले. टेबलावर थिनर पसरत होतं आणि तो शब्द परत घ्यायला कोणीच पुढे येत नव्हतं.

“सरकतो,” तो म्हणाला. “पुस तू.”

काचेपलीकडून जाणाऱ्या सोयबाईंनी हे पाहिलं. जोड्या लावणाऱ्या माणसाला जोडी जास्त चांगली जमल्याचीही काळजी असते.

*

त्या आठवड्यात एका रुग्णालयाच्या भिंतींसाठी फिकट हिरवा रंग निघणार होता. तिने तो खपून जुळवला होता. आता मोठ्या टाकीतून आलेला नमुना मूळ पाटीशी पांढऱ्या दिव्यात ताडून पाहायचा आणि ‘सोडा’ म्हणायचं, एवढंच उरलं होतं. नमुना दुपारी येणार होता. त्याच दुपारी तिला आईला एका नव्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. ती वेळ कित्येक महिने वाट पाहून मिळाली होती. चुकली असती तर पुन्हा तेवढीच वाट. ठरल्याप्रमाणे टेबल तो घेणार होता.

आणि सकाळीच त्याच्या घरून निरोप आला होता. दादाजवळ दुपारी बसणाऱ्या बाईंचा मुलगा आजारी, त्या येणार नाहीत.

त्याने दादाला फोन केला.

“मग काय झालं?” दादा म्हणाला. “मी काय दूध आहे, उतू जायला? ये संध्याकाळी.”

ती पर्स खांद्याला लावत होती. “जमेल ना तुला? काही असेल तर सांग. सोयबाई दुसरं कोणी बघतील.”

“जमेल.”

“नक्की?”

“जा ना तू. काकू तयार होऊन बसल्या असतील.”

तो हसला. त्या हसण्यात काडीची खोट नव्हती. सगळा घोटाळा तिथेच होता. सोयबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी तिसरं माणूस शोधलं असतं, पण तासभर गेला असता, ती दारात खोळंबली असती, कदाचित जाणं रद्द केलं असतं. ती दारात खोळंबलेली त्याला बघवली नसती. त्याला वाटलं, आपण तिला एक दुपार देतोय. ती दुपार दादाची होती, हा तपशील त्याने बाजूला ठेवला.

नमुना आला. त्याने पेटीत धरला. हात टेबलावर, जीव घरी. मघाशी कोणत्या तरी कामासाठी पिवळा दिवा लावला होता, तो तसाच होता. पिवळ्या दिव्यात दोन्ही हिरवे जुळ्या भावांसारखे दिसले. तो म्हणाला, “सोडा.”

मग त्याने घरी फोन केला. घंटी वाजत राहिली. झोपला असेल, त्याने स्वतःला सांगितलं. पुन्हा केला. पुन्हा तेच. सोयबाईंचा दरवाजा समोर होता. तिथे जायचं म्हणजे सकाळी का सांगितलं नाही याचं उत्तर द्यायचं, आणि ते उत्तर तिच्यापर्यंत पोचणार… तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघड्या अंगणात डबे चढवताना तो हिरवा सगळ्यांना दिसला. धड हिरवा नव्हता, धड पिवळा नव्हता. चांगला माणूसही त्या भिंतींमध्ये आजारी पडला असता. तिला बोलावणं आलं. तिने बघितलं.

“कुठल्या दिव्यात पाहिलास?”

“…चुकलं.”

डबे परत टाकीत गेले, आणि ती टाकीपाशी उभी राहून सकाळभर तो रंग माणसात आणत राहिली. तो तिच्याशेजारी मुकाट्याने ढवळत होता. दुपारी म्हणाला, “दादाला जरा दाखवून आणतो,” आणि गेला. तिने टेबल घेतलं. कारण विचारायचं नसतं.

लाल फोन वाजला.

“निघाला का तो?” दादाचा आवाज.

“निघाले. काय झालंय दादा? दाखवायचं कशाला?”

“कोपर सुजलाय. मोडला नसावा.” मग म्हणाला, “एक विचारू, रंगवाल्या बाई? काल त्याला सोडलं नाही का कोणी? बाई येणार नाहीत हे सकाळीच कळलं होतं.”

तिच्या हातातली कांडी थांबली.

“तुम्ही एकटे होतात?”

“होतो. तोपर्यंत ठीक होतं. मग त्याचा फोन आला. घ्यायला वाकलो आणि खुर्ची मागे गेली.”

“किती वेळ…”

“पडलो तेव्हा ऊन पायाशी होतं. नंतर ते भिंतीवर चढलं आणि गेलं. फोन वाजत होता, हाताला येत नव्हता. छत बघत बसलो. एकच हात मारलाय चुन्याचा, कामचुकार लोक.”

“त्याने मला सांगितलं नाही, दादा.”

“सांगेल कसा?” दादा म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. “तुम्हाला नाही म्हणायचं म्हणजे त्याला केवढं काम.”

*

ती सोयबाईंकडे गेली.

“आमची जोडी बदलून द्या.”

सोयबाईंनी चष्मा काढला. “भांडलात?”

“नाही. भांडत नाही तो. तीच तक्रार आहे.”

“काम येत नाही?”

“चांगलं येतं.”

“मग?”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. रिकामे पिंप होते.

“बरं,” सोयबाई म्हणाल्या. “कारण मी लिहीत नाही. मला लिहिता येण्यासारखं दिसत नाही ते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला बोलावून सांगितलं. तो तिथून सरळ तिच्या खोलीत आला. बदलीची वेळ नव्हती, हातात काही उसनं मागायचं निमित्तही नव्हतं. असा रिकामा तो पहिल्यांदाच आला होता.

“सोयबाई म्हणाल्या… तू जोडी बदलून मागितलीस.”

“हो.”

“टाकीमुळे?”

“टाकी नीट झाली.”

“मग दादामुळे. मला माहीत आहे, मी… पण पुन्हा नाही होणार असं.”

“होईल.”

“नाही होणार.”

“उद्या माझ्या आईचा फोन आला, आणि त्याच वेळी तुझ्या दादाचा. मी विचारलं, जमेल का. काय म्हणशील?”

त्याला म्हणायची गरजच नव्हती. ‘जा ना तू’ त्याच्या चेहऱ्यावर तयार उभं होतं.

“बघ,” ती म्हणाली. “मी दारातून बाहेर पडते तेव्हा मागचं सगळं सुरक्षित आहे असं धरून पडते. तू हो म्हणतोस म्हणून. आणि तुझं हो… त्याच्या खाली तुझा भाऊ पडलेला असतो. मग मी आईला घेऊन डॉक्टरांकडे कशाच्या जोरावर बसू? पुढच्या वेळी मी जाणारच नाही. आणि मी गेले नाही तर मला ही नोकरी सोडावी लागेल, आधीच्या सगळ्यांसारखी.”

तो खाली बघत होता.

“मला या टेबलावर असं माणूस हवंय ज्याला माझं काही वाटत नाही. निदान नाही म्हणता येऊ नये इतकं तरी वाटत नाही. ते तुला जमायचं नाही.”



“इतकं… दिसतं का?” त्याने विचारलं.

“तिन्ही दिव्यांत.”

त्याचे कान लाल झाले. तिने सवयीने पाहिलं. चांगला, गरम, किंचित किरमिजीकडे झुकणारा लाल. जुळवायला अवघड.

“आणि तू?” तो म्हणाला. “तुला येतं नाही म्हणता? मला?”

तिने पेटीतला दिवा बंद केला. पुन्हा लावला.

“मागच्या महिन्यात तुला दादाच्या तपासणीला जायचं होतं. मी म्हणाले, जा.”

“हो.”

“आईला ताप होता. वहिनींना बोलावून आले होते शेजारच्या, आणि दिवसभर फोनकडे बघत बसले होते.”

“तू काही बोलली नाहीस.”

“तू दाढी करून आला होतास. नवा शर्ट घातला होतास, तपासणीसाठी.” ती जरा थांबली. “शर्ट बरा होता.”

“तो… तपासणीसाठी नव्हता.”

“माहीत आहे. आईने सांगितलं होतं. तिला दादांनी सांगितलं.”

“ते दोघं एकमेकांना फोन करतात?”

“रोज. आईने लाईन जोडून दिलीय स्वतःची स्वतःला.”

तो हसला, मग हसता हसता थांबला, कारण ती हसत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, मान थोडी वाकडी करून, जशी ती न सुकलेल्या रंगाकडे बघायची.

“म्हणून मला कळलं, तू का केलंस,” ती म्हणाली. “मी पण केलं होतं. माझ्या वेळी कोणी पडलं नाही, एवढाच फरक. आपण दोघं एकमेकांच्या कामाला नालायक झालोय.”

“म्हणजे तुलाही…”

“आता काय लिहून देऊ?”

“नको,” तो म्हणाला. “पण मग… आपण भेटणार कधी? आत्तापर्यंत निदान बदलीच्या वेळी दिसायचीस.”

“आत्तापर्यंत तू बाहेर असलास की मला आत राहावं लागायचं. जोड्या वेगळ्या झाल्या की दोघं एका वेळी बाहेर असू शकतो. नियमात बसतं. मी सोयबाईंना विचारून घेतलं.”

“काय म्हणाल्या?”

“होईल सोय.”

*

सोमवारपासून नव्या जोड्या सुरू झाल्या. त्याला पॉलिशच्याच खोलीतली एक ताई मिळाली. तिचे सासरे अंथरुणाला खिळलेले, आणि तिला कोणाचाही संकोच असा नव्हताच. अर्ध्या थेंबाच्या वाट्याला आले कुरकुरे काका. छपाईच्या शाई जुळवणारे हे काका बायकोला सांभाळत आणि बाकी जगाला नाही म्हणत.

“काका, गुरुवारी टेबल घ्याल?”

“नाही.”

“शुक्रवारी?”

“शुक्रवारी बघू. बहुतेक नाही.”

आणि ज्या दिवशी काका “घेतो” म्हणत, त्या दिवशी ती मागे वळून न पाहता निघे. तिची आई नव्या गोळीवर होती. हात अजून थांबायचा, पण पूर्वीपेक्षा कमी वेळ, आणि थांबला की आई त्याला ‘लाईनवर थांबा’ म्हणायची.

असे काही दिवस गेले. ती आणि तो आता जेवणाच्या सुट्टीत पायऱ्यांवर भेटत, पण पायऱ्यांवर सगळा कारखानाच भेटायचा. मग एका दुपारी ती पॉलिशच्या खोलीच्या दारात आली. तो एका फळीवर कापसाचा बोळा फिरवत होता. खोलीत लाखेचा गोडसर वास होता.

“उद्या दुपारी काका टेबल घेतायत,” ती म्हणाली. “स्वतःहून म्हणाले. बहुतेक त्यांची तब्येत बरी नाही. आईजवळ वहिनी आहेत. तळ्यापर्यंत चालून येऊ या का?”

पहिल्यांदाच ती विचारत होती. बोळा फळीवर थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने केस वेगळे बांधले होते, आणि उद्यासाठीचं काहीतरी आजच तिच्या चेहऱ्यावर येऊन बसलं होतं. त्याच्या तोंडात एक शब्द आला. तो त्याने गिळला. पुन्हा आला, पुन्हा गिळला.

“नाही,” तो म्हणाला.

ती तशीच उभी.

“उद्या दादाच्या पाठीची जखम धुवायला नर्स येतेय. त्याला कुशीवर धरायला मी लागतो. उद्या… नाही जमणार.”

बोलून झाल्यावर तो इतका घाबरला होता की बोळा हातातून सुटून फळीला चिकटला. एवढ्या मेहनतीने चढवलेलं पॉलिश तिथे पांढरं पडलं. तिने ते पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हसू पसरत गेलं.

“परवा?” तिने विचारलं.

त्याने विचार केला. खरोखरच केला, ताईची ड्युटी, दुपारच्या बाई, दादाची वेळ, सगळं बोटांवर मोजून. ती थांबली. कोणी आपल्यासाठी इतका वेळ मोजत उभं आहे, हे बघायला तिला बरं वाटत होतं.

“परवा हो,” तो म्हणाला.

“काकांना आत्ताच सांगते. नाही म्हणायच्या आत.”

पण ती गेली नाही. कोपऱ्यातलं स्टूल ओढून ती त्याच्या फळीपाशी बसली, बोळा अलगद सोडवला, आणि पांढरं पडलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, “हे दाखव कसं घासतात.”